पितृपंधरवड्यात बसवलेली एसएसडी

सकाळी संगणकाचं बटण दाबायचं आणि चहा ठेवायला आत जायचं, हा माझा गेल्या दोन-तीन वर्षांचा क्रम. चहा गाळून बाहेर येईपर्यंत विंडोज आलेलं असायचं, पण माउस अजून अडखळत असायचा. एकदा मोबाइलवर वेळ लावून पाहिली. बटण दाबल्यापासून पेजमेकर, म्हणजे माझं पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, उघडून कर्सर लुकलुकेपर्यंत 6 मिनिटं 10 सेकंद. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे आत फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून हे कसं कमी केलं, त्याची ही गोष्ट.

मी साताऱ्यात घरूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, मंडळांची वर्गणी पुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून एखादा प्रबंध. संगणक 2019 च्या अक्षय तृतीयेला जोडून घेतलेला. आय-थ्री 8100 प्रोसेसर, 8 जीबी रॅम, एच310 चिपसेटचा मदरबोर्ड आणि 1 टीबीची हार्ड डिस्क, तिचे सी, डी, ई असे तीन भाग पाडलेले. जोडून देणाऱ्याने सगळ्यांना तसेच पाडून दिले असतील. मला तेव्हा कळतही नव्हतं, आणि त्याने डिस्क कशी मांडली यावरूनच पुढे माझे दोन दिवस जाणार होते.

2025 च्या ऑगस्टच्या शेवटी एका पतसंस्थेच्या 64 पानी अहवालाचं दुसरं प्रूफ लावत होते. सहकारी संस्थांच्या सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायच्या असतात, त्यामुळे ऑगस्टभर मला मान वर करायला सवड नसते. फाइल सेव्ह करताना पडदा गोठला, कॅबिनेटमधून कर्र-टक, कर्र-टक असा आवाज आला आणि चार मिनिटांनी सगळं पूर्ववत. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के. अहवाल गेला असता तर मी काय केलं असतं, हा विचार त्या रात्री झोपू देईना.

30 ऑगस्टला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. ते हार्ड डिस्कची प्रकृती सांगतं. निळा चौकोन म्हणजे ठीक. माझा पिवळा होता आणि त्यावर 'कॉशन' लिहिलेलं. 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' या ओळीत 8. डिस्कवरच्या आठ जागा तिला स्वतःलाच वाचता येत नव्हत्या. आठ म्हणजे फार नाहीत, पण एकदा सुरुवात झाली की पुढचं सांगता येत नाही. लगेच दिरांची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क मागून आणली आणि डी भागातलं सगळं काम, 150 जीबी, तिच्यात उतरवलं. पावणेदोन तास. हे सगळ्यात आधी करा. बाकीचं वाचायचं राहिलं तरी चालेल.

3 सप्टेंबरला गावातल्या एका दुकानात गेले. मुलगा चुणचुणीत होता. "ताई, 500 जीबीची एसएसडी 4,200, बसवायचे आणि फॉरमॅट मारायचे 600. बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा." बिलाशिवाय वॉरंटी कशी मिळणार, असं विचारलं तर म्हणाला, "मी आहे ना." तो आहे, पण पाच वर्षं असेल का? आणि मला खरी धास्ती होती ती 'फॉरमॅट मारायचे' या शब्दांची. माझं बहुतेक काम पेजमेकर 7 मध्ये आहे. 2001 साली आलेली ही त्याची शेवटची आवृत्ती, तिला युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं साठवायची आजची पद्धत, कळत नाही. त्यामुळे जुने मराठी फॉन्ट, टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालण्यासाठी संगणकाला लावायची किल्ली), प्रिंटरची बसवलेली मापं, गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं पाठवलेले कुठकुठले फॉन्ट असा सगळा संसार त्या सी भागात मांडलेला. तो मोडून पुन्हा मांडायचा म्हणजे निदान आठवडा. मला फॉरमॅट नको होता, आहे तसं विंडोज उचलून नव्या जागी ठेवायचं होतं. त्याला क्लोन म्हणतात, हे भाचीने फोनवर सांगितलं. ती पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, "मावशी, तूच बसव. पट्टी तर असते एक. एक स्क्रू."

त्याच रात्री टीव्हीवर जीएसटीचे दर बदलल्याची बातमी. नवे दर 22 सप्टेंबरपासून. "मग थांब की 22 पर्यंत," हे म्हणाले. मीही थांबणार होते, पण यादी पाहिली तर एसएसडी आधीही 18 टक्क्यांत आणि आताही 18 टक्क्यांतच. थांबण्यात काही अर्थ नव्हता.

पुढचे दोन दिवस कोणती घ्यायची यात गेले. थोडक्यात सांगते, कारण या विषयावर वाचत बसलं तर माणूस वेडा होतो. डेस्कटॉपला मुख्यतः दोन तऱ्हेच्या एसएसडी बसतात. एक अडीच इंची चपटी डबी, ती हार्ड डिस्कसारखीच साटाच्या वायरने जोडायची. वेग साधारण 550 एमबी प्रति सेकंद, त्यापुढे साटाची वायरच जाऊ देत नाही. दुसरी एम डॉट टू, च्युइंगगमच्या पट्टीएवढी, थेट मदरबोर्डवर झोपवायची. तिच्यावर 2280 असं लिहिलेलं असतं, म्हणजे 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब. यातही पोटभेद. काही एम डॉट टू पट्ट्या आतून साटाच असतात, आणि काही एनव्हीएमई, म्हणजे खरोखर वेगवान. दिसायला सारख्या, म्हणून खोक्यावरचं नीट वाचावं. शिवाय काही बोर्डांवर साटावाली पट्टी लावली की साटाच्या वायरींचं एक तोंड बंद होतं. तुमच्या बोर्डाचं काय, ते त्याच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिका हरवली असेल तर बोर्डाचं मॉडेल बघून कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या.

माझ्या पुस्तिकेत लिहिलं होतं की स्लॉटला साटा आणि एनव्हीएमई दोन्ही चालतात, पण एनव्हीएमईला दुसऱ्या पिढीच्या पीसीआयईच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या माहितीच्या रस्त्याच्या, दोनच लेन. म्हणजे कागदावर 1,000 एमबी प्रति सेकंद, प्रत्यक्षात आठशेच्या आसपास. बाजारात तर खोक्यांवर 3,500, 4,000, 7,000 असे आकडे. चौपदरी रस्त्यावरची गाडी बोळात आणल्यासारखं. तरीही एनव्हीएमईच घेतली, कारण साटाची डबी त्याच किमतीला मिळत होती आणि पट्टी पुढेमागे नव्या संगणकात नेता येईल.

किमतीच्या जोडीला दोनच गोष्टी पाहिल्या. वॉरंटी किती वर्षं आणि टीबीडब्ल्यू किती. टीबीडब्ल्यू म्हणजे वॉरंटीच्या काळात त्या पट्टीवर एकूण किती टेराबाइट लिहिता येतील याची कंपनीने घातलेली मर्यादा. स्वस्तातल्या काहींना 3 वर्षं आणि कमी टीबीडब्ल्यू होतं. मी घेतली ती डब्ल्यूडी ब्लू एसएन580, 500 जीबी. 5 वर्षं आणि 300 टीबीडब्ल्यू. रोज 20 जीबी लिहिलं तरी 41 वर्षं पुरेल. इतकी मी पुरणार नाही. "एसएसडी झिजते म्हणे," असं मला तिघांनी सांगितलं, म्हणून हा हिशेब केला. 1 टीबीची दोनेक हजारांनी महाग होती. माझं सी आणि डी मिळून अडीचशे जीबीच्या आत बसत होतं, म्हणून मोह आवरला.

5 सप्टेंबरला ऑनलाइन मागवली, 3,649 रुपये, जीएसटीच्या बिलासकट. 9 तारखेला कुरिअरवाला दारात, आणि तेव्हा लक्षात आलं की पितृपक्ष लागलाय. खरं तर माझ्यासाठी याहून चांगला काळ नाही. पितृपक्षात कुणी पत्रिका छापत नाही, अहवालही तोवर छापून गेलेले असतात. वर्षात हेच पंधरा दिवस संगणक बंद ठेवला तर चालतो. पण सासूबाईंनी खोकं पाहिलं आणि म्हणाल्या, "पक्षात नवी वस्तू? सर्वपित्री होऊ दे, घटाला उघड." मी म्हटलं, "आई, मागवली तेव्हा पक्ष लागला नव्हता." ते काही पटलं नाही. मग म्हटलं, "नवं काही घेतलं नाही हो, जुन्याचीच दुरुस्ती आहे." थोडा विचार करून म्हणाल्या, "दुरुस्ती चालते." हा निकाल मी त्यांच्याकडून पुन्हा बदलून घेतला नाही.

खोकं आल्यावर दोन कामं केली. सील नीट आहे का पाहिलं, आणि मागचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी दिसते का तपासलं. बिलाची पीडीएफ स्वतःलाच मेल करून ठेवली.

11 सप्टेंबरला गुरुवारी कॅबिनेट उघडलं. भाची व्हिडिओ कॉलवर. मी स्क्रूड्रायव्हर घेतला तशी ओरडली, "मावशी, आधी वायर काढ, मग बोल!" मागची वीज काढायची, मग सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. अंगावर सिंथेटिक नको, आणि मध्ये मध्ये कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. आत सहा वर्षांची धूळ, पंख्यावर तर लोकरीसारखी. रंगकामाच्या नव्या ब्रशने ती झटकली. स्लॉट सापडला, प्रोसेसरच्या खाली आडवा. पट्टी तिरकी घालायची, आत गेली की ती स्वतःच थोडी वर उचललेली राहते, मग हलकेच खाली दाबायची आणि टोकाला स्क्रू.

आणि स्क्रू नाही. तो एसएसडीच्या खोक्यात येत नाही. मदरबोर्डच्या खोक्यात आलेला असतो, आणि ते खोकं 2019 साली जोडणाऱ्याने मला दिलंच नव्हतं किंवा मी माळ्यावर टाकून विसरले होते. माळा उपसला. दिवाळीचा आकाशकंदील सापडला, स्क्रू नाही. कॅबिनेटचा नेहमीचा स्क्रू याला चालत नाही, हा फार बारीक असतो. बळेच घातला तर आटे जातील. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दुरुस्तीच्या एका दुकानात पट्टीच घेऊन गेले. त्यांनी डबीतून शोधून दोन दिले, 20 रुपयाला एक. एक पडून हरवेल म्हणून दोन घेतले. घरी येऊन बसवायला मोजून आठ मिनिटं लागली. ज्याची मला दहा दिवस भीती वाटत होती ते काम आठ मिनिटांचं.

13 तारखेला शनिवारी क्लोन सुरू केला. काही क्लोनिंग सॉफ्टवेअर अख्खी डिस्कच उचलायला बघतात, आणि माझी 1 टीबीची भरलेली डिस्क 500 च्या पट्टीत कशी मावणार? म्हणून हवे तेवढेच भाग निवडता येतील असं एक सॉफ्टवेअर 30 दिवसांच्या चाचणीवर घेतलं. विंडोजचा सुरुवातीचा छोटा 'सिस्टम रिझर्व्ह्ड' भाग आणि सी, एवढेच निवडले. कुठून आणि कुठे हे तीनदा वाचा. इथे उलटं झालं तर रिकामी पट्टी भरलेल्या डिस्कवर उतरेल. 61 टक्क्यांवर थांबलं. वाचताना चूक. त्याच आठ जागा. मग सी भागावर चेकडिस्क लावलं, खराब जागा शोधून वगळण्याच्या पर्यायासह. रात्री साडेदहाला सुरू झालं ते पहाटे कधीतरी संपलं. मी दोनदा उठून पाहून आले. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून हे धाडस केलं. मध्येच लाइट गेली असती तर काय झालं असतं याचा विचार केला नाही. रविवारी दुपारी क्लोन पूर्ण झाला, एक तास पन्नास मिनिटं.

संध्याकाळी जुन्या हार्ड डिस्कची वायर काढली, देवाला नमस्कार केला, बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं: रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. पोटात गोळा आला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, गेले तर पट्टी दिसतेय, नाव आणि साइझसकट. पण कुठून सुरू व्हायचं त्या यादीत ती नाहीच. जुनी वायर परत लावली, बटण दाबलं, आणि जुनं विंडोज आपल्या सवयीने रखडत उघडलं. तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो. जुनी डिस्क पुसण्याची घाई करू नका, ती याचसाठी.

सोमवार उकल करण्यात गेला. गोम अशी होती. विंडोज बसवण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी लेगसी आणि नवी यूईएफआय. जुन्या पद्धतीत डिस्कची मांडणी एमबीआर, नव्यात जीपीटी. माझ्या संगणकाला 2019 मध्येही यूईएफआय कळत होतं, पण जोडणाऱ्याने हातवळणाने जुन्याच पद्धतीने विंडोज टाकलं होतं. साटाची डबी असती तर ती या जुन्या पद्धतीनेही सुरू झाली असती. माझ्या बोर्डावर एनव्हीएमईची पट्टी लेगसीत सुरू होत नाही. विंडोजमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड' या ओळीपुढे काय लिहिलंय, एवढं मी खरेदीआधी पाहिलं असतं तर हा प्रश्न पडलाच नसता. तिथे 'लेगसी' असेल आणि खटाटोप नको असेल, तर सरळ साटा घ्या. सहा मिनिटांवरून खाली येताना 550 आणि 800 यांतला फरक हाताला लागत नाही.

उपाय विंडोजच्या पोटातच निघाला. 'एमबीआर टू जीपीटी' नावाची एक आज्ञा असते, ती आतली माहिती न पुसता मांडणी बदलते. पण तिच्या अटी आहेत. प्राथमिक भाग तीनपेक्षा जास्त नसावेत आणि लॉजिकल, म्हणजे एका मोठ्या भागाच्या पोटात पाडलेला, भाग अजिबात नसावा. जुन्या डिस्कवर सिस्टम रिझर्व्ह्ड, सी, डी आणि ई मिळून चार होते, तिच्यावर ही आज्ञा चाललीच नसती. पट्टीवर मी दोनच उतरवले होते. हे शहाणपण नव्हतं, जागा कमी होती म्हणून तसं झालं. पण कधी कधी कंजुषी कामाला येते.

16 तारखेला 349 रुपयांचा पेन ड्राइव्ह आणला. निदान 8 जीबीचा लागतो. जुन्या विंडोजमधून त्यावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज 10 उतरवून घेतलं. मग हार्ड डिस्कची वायर पुन्हा काढली, म्हणजे चुकून तिला काही व्हायला नको. पेन ड्राइव्हवरून सुरू केलं, विंडोज बसवण्याचा पहिला पडदा आला की काही न बसवता शिफ्ट आणि एफ 10 दाबलं. काळी खिडकी उघडते. आधी 'व्हॅलिडेट' म्हणजे नुसती तपासणी, ती पास झाली. मग 'कन्व्हर्ट'. मिनिटभरही लागलं नाही. शेवटी इंग्रजीत सूचना आली की आता बायोसमध्ये यूईएफआय करून घ्या. बायोसमध्ये जुनी लेगसी पद्धत चालू ठेवणारा सीएसएम नावाचा पर्याय बंद केला, सेव्ह करून बाहेर. यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' आलं.

मी चहा ठेवायला उठले नाही. 22 सेकंदांत डेस्कटॉप, तोच जुना, पार्श्वभूमीला कास पठाराचा फोटो. पेजमेकर, डोंगल, सगळे फॉन्ट जागच्या जागी. पेजमेकरसकट 41 सेकंद. भाचीला फोटो पाठवला तर तिने फक्त एक अंगठा पाठवला.

डीटीपीवाल्यांसाठी एक गोष्ट. पेजमेकरमधली चित्रं त्यांच्या पत्त्यावरून जोडलेली असतात, आणि पत्त्यात डिस्कचं अक्षर असतं. पट्टीच्या उरलेल्या जागेत नवा भाग करून काम त्यात हलवलं, पण जुन्या डिस्कवरच्या डी चं अक्षर बदलून आधी एक्स केलं आणि मग नव्याला डी दिलं. एवढं केलं नसतं तर शंभर फायलींतली चित्रं हरवली म्हणून संगणकाने बोंब मारली असती. जुनी डिस्क आता फक्त दुसरी प्रत ठेवायला. तिच्यावर माझा भरवसा नाही, म्हणून तिसरी प्रत दिरांच्या डिस्कवर. ती त्यांनी अजून परत मागितलेली नाही. आणि एसएसडीला डीफ्रॅग, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणं, करायला कुणी सांगितलं तर करू नका. तिला लागते ती निगा विंडोज स्वतःच अधूनमधून घेतं.

मोजून पाहिलं ते सांगते. सलग वाचण्याचा वेग 130 एमबी प्रति सेकंदावरून 790. पण खरा फरक लहान लहान तुकडे वाचण्यात आहे, तो 0.6 वरून 40 च्या वर गेला. संगणक 'चपळ' वाटतो तो यामुळे. खर्च एकूण 4,038 रुपये, त्यात 40 रुपयांचे स्क्रू.

यूईएफआय झाल्याचा एक फायदा नंतर कळला. विंडोज 10 चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून नेहमीच्या दुरुस्त्या मिळणं, 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार होता आणि विंडोज 11 ला यूईएफआय आणि टीपीएम ही सुरक्षेची सोय लागते. बायोसमध्ये इंटेल पीटीटी, म्हणजे इंटेलचं अंगभूत टीपीएम, सुरू केलं आणि मायक्रोसॉफ्टच्या तपासणीत माझा जुना आय-थ्री पास झाला, आठव्या पिढीचा असल्यामुळे जेमतेम. पण लगेच बदललं नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका तेव्हा सुरू होणार होत्या, आणि चालत्या गाडीचं चाक मी हंगामात काढत नाही.

22 तारखेला घट बसले. सकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं, लेकीचं लग्न, 300 पत्रिका. खुर्चीत टेकेपर्यंत जुने नमुने मी पडद्यावर उघडले होते. सासूबाईंनी आतून विचारलं, "चहा ठेवू का, की झालं तुझं सुरू?"

दोनपैकी एक स्क्रू उरलाय. तो कागदाच्या पुडीत घालून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावून ठेवलाय, वर पेनाने लिहून: एम डॉट टू.